डावीकडची दहा अक्षरे

युनिक्सच्या (किंवा लिनक्सच्या, आपल्या कामापुरते दोन्ही एकच) यंत्रावर 'एलएस' ही आज्ञा 'लांब यादी दे' असे सांगून चालवली, की प्रत्येक फाइलीमागे एक ओळ उमटते. उजव्या टोकाला फाइलीचे नाव, त्याआधी तारीख, आकार, गटाचे नाव, मालकाचे नाव. आणि अगदी डावीकडे दहा अक्षरांचा एक जुडगा. नवख्या माणसाला तो टायपिंग क्लासच्या पहिल्या दिवसाचा कागद वाटतो. आमच्यासारखे पोटासाठी यंत्रे सांभाळणारे मात्र ओळ वाचताना आधी तिकडेच बघतात.

मूळ अक्षरे इंग्रजी आहेत. आपण ती मराठीत करून घेऊ, म्हणजे पुढचे सोपे जाईल. वाचण्याच्या परवानगीला 'व', लिहिण्याच्या परवानगीला 'ल', चालवण्याच्या परवानगीला 'च'. परवानगी नसेल तिथे आडवी रेघ. पहिले अक्षर वस्तूचा प्रकार सांगते: डिरेक्टरी असेल तर 'ड', साधी फाइल असेल तर नुसती रेघ. उरलेली नऊ अक्षरे तीन-तीनच्या तीन खणांत वाचायची: पहिला खण मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतरांचा. म्हणजे

ड वलच व-च व-च

ही ओळ सांगते, की ही डिरेक्टरी आहे, मालकाला सगळे करता येते, गटाला आणि इतरांना वाचता आणि आत शिरता येते, पण लिहिता येत नाही. झाले! एवढे समजले की जगातल्या कुठल्याही युनिक्स यंत्रावर कोणाला काय करता येते ते तुम्हाला वाचता येते.

यंत्राला ही अक्षरे ठाऊकच नसतात बरे का. त्याच्यापाशी असतो एक 16 बिटांचा आकडा. त्यातले 4 बिट वस्तूचा प्रकार सांगतात, 3 खास कामांसाठी राखीव असतात आणि 9 परवानग्यांचे. वरच्या डिरेक्टरीचा आकडा आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत मांडला तर 16877 येतो. परवानगी तपासताना यंत्र त्या आकड्याला एक चाळणी लावते आणि हवा तो बिट चालू आहे की बंद ते बघते. या चाळणीच्या गणिताला ज्याचे नाव आहे तो जॉर्ज बूल इथे आयर्लंडात, कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात 1849 पासून मरेपर्यंत गणिताचा प्राध्यापक होता. ज्या बीजगणितात कुठल्याही चिन्हाची किंमत शून्य किंवा एकच असू शकते ते त्याने 1854 च्या ग्रंथात मांडले. (त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. तोच एव्हरेस्ट, हिंदुस्थानचा सर्व्हेअर जनरल, ज्याचे नाव शिखराला दिले.) बूल 8 डिसेंबर 1864 रोजी वारला. आयर्लंडात जन्म-मृत्यूंची सरकारी नोंद सुरू झाली ती त्याच वर्षाच्या 1 जानेवारीला. या नोंदवह्या पुढे लागणार आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर प्रश्न असा, की आकडा असताना अक्षरे कशाला? 16877 वाचून कोणाला काही कळत नाही, हे एक उत्तर. दुसरे उत्तर मला जास्त महत्त्वाचे वाटते. परवानगी अशी उघड लिहिलेली असली, की ज्याला परवानगी नाही त्यालाही ती वाचता येते. फाइल उघडत नाही हे कळते, का उघडत नाही हेही कळते, आणि ज्याच्याकडे जाऊन विचारायचे त्या मालकाचे नावही त्याच ओळीत असते.

ही मांडणी एका दिवसात सुचलेली नाही. युनिक्सच्या आधी मल्टिक्स नावाची मोठी प्रणाली होती. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून ती हाती घेतली आणि 1969 मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले. मल्टिक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक यादीच जोडलेली असे. अमक्या प्रकल्पातल्या अमक्या माणसाला वाचायची परवानगी, तमक्याला वाचायची नि लिहायची, अशी नावानिशी. तिथेही परवानग्या एकेका अक्षरातच लिहीत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभे केले ते फार लहान यंत्रावर. लांबलचक याद्या ठेवायला तिथे जागाच नव्हती. मग माणसांची नावे गेली आणि राहिले थोडेसे बिट.

नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या आवृत्तीत डावीकडे सहाच अक्षरे होती. पहिले अक्षर फाइल लहान की मोठी ते सांगायचे, दुसरे तिचा प्रकार, आणि मग मालकासाठी दोन नि इतरांसाठी दोन. गट नव्हताच. जुलै 1974 मध्ये रिची आणि थॉम्पसन यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यात संरक्षणाचे सात बिट सांगितले आहेत: वाचणे, लिहिणे, चालवणे हे तीन मालकासाठी आणि तीनच बाकी सगळ्यांसाठी, शिवाय एक खास. तोच निबंध सुधारून 1978 मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा सातांचे दहा झाले होते, कारण मध्ये गट आला. म्हणजे मालक, गट, इतर ही तीन खणांची रचना आज आम्हाला जगाच्या आरंभापासूनची वाटते, ती त्या काही वर्षांत सोयीसोयीने घडत गेली.

एका अक्षरात प्रकार सांगायची युक्ती मात्र संगणकाहून पुष्कळ जुनी आहे, आणि थोडे विषयांतर करून सांगायचे तर तिचा एक मोठा उस्ताद इथलाच. फ्रान्सिस ब्यूफोर्टचा जन्म 1774 चा, मीथ परगण्यातल्या नॅव्हन गावचा. वाऱ्याच्या जोराची त्याची मापनश्रेणी सर्वांना ठाऊक असते. जानेवारी 1806 मध्ये आरमारात कप्तान असताना त्याने ती आपल्या रोजनिशीत लिहिली, आणि हवामानासाठी एकेका अक्षराची एक यादीही त्याच्या नावावर आहे. निळ्या आकाशाला 'बी', ढगांना 'सी', भुरभुर पावसाला 'डी', विजेला 'एल', येऊन जाणाऱ्या सरींना 'पी', पावसाला 'आर', बर्फाला 'एस'. गंमत म्हणजे ही सातही अक्षरे युनिक्सच्या त्या दहा जागांत कुठे ना कुठे येतात, अर्थ मात्र सगळे वेगळे. बोटावर मोजण्याएवढी अक्षरे घ्यायची नि रोजच्या धबडग्यात पटकन लिहून पटकन वाचायची, ही गरज दोघांचीही सारखीच होती. असो.

आता त्या तीन खणांकडे पुन्हा या. आपल्याकडचा सातबारा डोळ्यांसमोर आणा. सातबारा म्हणजे कोणाचा कशावर काय हक्क ते वाचता येईल अशा मजकुरात मांडणारा आपला सर्वांत ओळखीचा कागद. त्यातल्या गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव असते, कुळाचे असते, आणि शिवाय 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. बँकेचा बोजा तिथे चढतो, वाटेचा हक्क तिथे लिहितात. जमीन ज्याच्या नावावर नाही, पण जमिनीशी ज्याचा संबंध आहे, त्याची दखल घेण्यासाठी तो रकाना आहे. युनिक्सच्या तिसऱ्या खणालाही 'इतर' म्हणतात, पण तिथले इतर म्हणजे परके. ज्यांचा काही संबंध नाही असे सगळे. एखादी फाइल माझी नसेल, मी गटातही नसेन, पण ती माझ्याबद्दल असेल, तर मी कुठे बसतो? तिसऱ्या खणात, वाटसरूंच्या रांगेत. ज्याच्याबद्दल फाइल आहे त्याचा रकाना या दहा अक्षरांत नाही.

बेल लॅब्जमध्ये त्याची गरजही नव्हती. तिथल्या फाइली म्हणजे प्रोग्रॅम, नाहीतर टाइप करायचे कागद. पण फाइली माणसांबद्दल असतात तेव्हा काय होते, हे बघायला आयर्लंडासारखा देश नाही.

त्यासाठी डिरेक्टरीची एक खुबी आधी सांगायला हवी. डिरेक्टरीच्या बाबतीत 'वाचणे' आणि 'चालवणे' यांचे अर्थ बदलतात. युनिक्समध्ये फाइलीला स्वतःचे नाव नसते. नावे डिरेक्टरीत असतात, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला मूळ फाइलीचा क्रमांक. डिरेक्टरी 'वाचणे' म्हणजे तिच्यातल्या नावांची यादी बघणे. डिरेक्टरी 'चालवणे' म्हणजे नाव सांगून आत शिरणे. या दोन परवानग्या स्वतंत्र आहेत, म्हणून अशी डिरेक्टरी करता येते:

ड वलच --च --च

इथे इतरांना यादी दिसत नाही, पण आतल्या एखाद्या फाइलीचे नेमके नाव ठाऊक असेल तर ते सांगा आणि खुशाल उघडा. फाइलीवर सगळ्यांना वाचायची परवानगी असेल तर ती वाचताही येते. म्हणजे नाव ठाऊक असलेल्याला दार सताड उघडे आणि नसलेल्यासमोर भिंत. विद्यापीठांच्या सामायिक यंत्रांवर विद्यार्थ्यांच्या घर-डिरेक्टऱ्या बरेचदा अशाच ठेवलेल्या असत.

आता 1864 पासूनच्या त्या नोंदवह्या. आयर्लंडात जन्माची नोंदवही सार्वजनिक आहे. कोणीही जनरल रजिस्टर ऑफिसात जाऊन, ठरलेले शुल्क भरून, कोणाच्याही जन्मदाखल्याची प्रत मागू शकतो. नातलग असण्याची अट नाही. आपल्या भाषेत, प्रत्येक दाखल्यावर तिसऱ्या खणात 'व' आहे. नाव मात्र ठाऊक हवे.

1952 मध्ये इथे दत्तकाचा पहिला कायदा झाला आणि 1953 च्या 1 जानेवारीपासून अमलात आला. त्याने दुसरी एक वही सुरू केली, दत्तक मुलांची. दत्तकाचा आदेश झाला की तिच्यात मुलाची नवी नोंद व्हायची, नव्या नावाने, नव्या आईबापांसह. ही वहीसुद्धा सार्वजनिक. पहिल्या वहीतली मूळ नोंद पुसली जात नसे. ती होती तिथेच, आईच्या खऱ्या नावासह, कोणालाही मागता येईल अशी पडून असायची. म्हणजे एकाच माणसाच्या दोन फाइली, दोन्ही जगाला वाचायला मोकळ्या.

बंद होती ती तिसरी गोष्ट. कायद्याच्या 22 व्या कलमात म्हटले होते, की दोन वह्यांमधल्या नोंदी एकमेकींशी जोडणारी एक सूची ठेवावी, ती जनतेला दाखवू नये, आणि न्यायालयाचा किंवा दत्तक मंडळाचा आदेश असल्याशिवाय तिच्यातली माहिती कोणालाही देऊ नये. कुलूप लागले ते नुसत्या दुव्याला. हे कलम लिहिणाऱ्यांनी संगणक पाहिलेलाही नसेल, पण त्यांनी जे बांधले ते हुबेहूब वरच्या ओळीसारखे होते. तुझा मूळ जन्मदाखला तुला मिळेल, फक्त त्यावरचे नाव सांग. आणि ते नाव तुला सोडून सगळ्यांना ठाऊक: संस्थेला, मंडळाला, त्या कारकुनाला.

आदेशाच्या वाटेलाही आमच्याकडे नाव आहे. मघाशी म्हटलेला तो खास बिट. त्याची कल्पना डेनिस रिचीची. 1973 मध्ये त्यासाठी अर्ज झाला आणि 1979 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. हा बिट लावलेला प्रोग्रॅम तुम्ही चालवलात, तरी तो तुमच्या अधिकारात चालत नाही, मालकाच्या अधिकारात चालतो. पासवर्डची फाइल तुम्हाला उघडता येत नाही, पण पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम तुमच्या वतीने ती उघडतो, नेमके तेवढेच काम करतो आणि बंद करतो. दत्तक मंडळाचे काम याच जातीचे. फरक एवढाच, की प्रोग्रॅम सर्वांना एकच नियम लावतो, आणि त्याची संहिता काढून तो नियम वाचता येतो.

आयर्लंडात 1953 पासून दत्तकाचे 40,000 हून जास्त आदेश झाले. यांपैकी अनेकांनी मोठेपणी काय केले असेल? आम्ही जे करू तेच. नाव ठाऊक नसले तरी जन्मतारीख ठाऊक होती. मग नोंदवहीच्या छापील सूचीत बसायचे आणि त्या तारखेच्या आसपासचे, त्या भागातले जन्म एकेक करून तपासायचे. आईचे माहेरचे आडनाव आणि मुलाचे आडनाव एकच आहे का बघायचे, कारण लग्नाबाहेरच्या जन्माची ती खूण. मग एकेक नाव खोडत जायचे. आमच्या धंद्यात याला शक्यता संपेपर्यंत ठोकत राहणे म्हणतात आणि ते काम यंत्राकडून करून घेतात. इथे माणसे हाताने करत होती, डब्लिनमधल्या एका वाचनखोलीत, स्वतःच्या नावासाठी.

यादी बघणे आणि दाखला वाचणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, हे सरकारलाही 2014 मध्ये नव्याने कळले. जन्म-मृत्यू-विवाहांच्या सूच्या इंटरनेटवर शोधता येतील अशा टाकल्या होत्या, त्यात हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचे माहेरचे आडनावही दिसू लागले. बँका हेच प्रश्न ओळख पटवायला विचारतात! डेटा संरक्षण आयुक्तांनी हरकत घेतली आणि जुलैत तो शोध बंद करावा लागला. कागदी वह्या वाचनखोलीत पूर्वीइतक्याच उघड्या राहिल्या.

दुव्याच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस असतो, हे विसरायला नको. फिलोमेना ली यांच्यावरचा 2013 चा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यांचा मुलगा 1952 चा, रॉस्क्रे गावच्या शॉन रॉस मठातला. 1955 मध्ये त्याला अमेरिकेला पाठवून दिले, म्हणजे वर सांगितलेल्या सूचीत तो नव्हताही. त्याचे कागद मठाकडे. मोठेपणी तो आईचा शोध घेत मठात आला, आईसुद्धा मुलाची चौकशी करत तिथेच आली. दोघांनाही काही सांगितले नाही. 1995 मध्ये तो वारला आणि त्याच मठाच्या आवारात त्याला पुरले. दोन्ही बाजूंनी एकच फाइल मागितली जात होती आणि मालक तिसराच होता.

उलट बाजूचे उदाहरण ट्यूमचे. गॅलवे परगण्यातल्या या गावात बाँ सेकूर संघाच्या जोगिणी अविवाहित मातांसाठी एक गृह चालवत, 1925 ते 1961. तिथे वारलेल्या मुलांचे दफन कुठे झाले याचा पत्ता लागेना, तेव्हा कॅथरिन कॉरलेस या स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या बाईंनी सरळ मृत्यूंच्या नोंदवहीकडे मोर्चा वळवला. ती वही तर सार्वजनिकच. त्यांनी नोंदणी कार्यालयाला त्या पत्त्यावरचे सगळे मृत्यू काढून द्यायला सांगितले आणि पदरचे पैसे भरून दाखले मिळवले. 796 निघाले. 2014 मध्ये ही गोष्ट जगभर गेली. माहिती कधीच कुलपात नव्हती. यादी मात्र कोणी मागितली नव्हती.

त्यानंतर 2015 मध्ये सरकारने चौकशी आयोग नेमला. 18 संस्था तपासून त्याने 12 जानेवारी 2021 ला अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे 9,000 मुले तिथे दगावल्याचे म्हटले आहे. पण अहवालाच्या आधीच, 2020 च्या ऑक्टोबरात, वेगळाच गहजब झाला. चौकशी आयोगांच्या 2004 च्या कायद्याप्रमाणे आयोगाचे दप्तर 30 वर्षे बंद राहणार होते. म्हणजे ज्यांनी आयोगापुढे येऊन स्वतःची कहाणी सांगितली, त्यांनाही स्वतःचा कागद बघता येणार नव्हता. लोक खवळले. मग सरकारने मान्य केले, की युरोपचा 25 मे 2018 पासून लागू झालेला डेटा संरक्षणाचा कायदा या दप्तरालाही लागू होतो.

हा युरोपीय कायदा म्हणजे माझ्या मते त्या दहा अक्षरांना जोडलेला चौथा खण आहे. तुमच्याबद्दलची फाइल कोणाच्याही मालकीची असो, ती मागण्याचा हक्क तुम्हाला. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची युरोपातली ठाणी डब्लिनमध्ये असल्याने त्यांच्यावर देखरेख करायचे काम इथल्याच आयोगाकडे येते, त्यामुळे या कायद्याची चर्चा आमच्या कचेऱ्यांतून रोजची. तिच्यात गुंतलेल्या किती जणांना त्या वाचनखोलीतल्या माणसांची गोष्ट ठाऊक असते, कोण जाणे.

आईच्या बाजूने बोलणारेही होते आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नव्हते. 1998 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जन्मदात्री कोण हे जाणण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिलेला नसला तरी अध्याहृत आहे, पण तो आईच्या खासगीपणाच्या हक्काशी तोलावा लागेल. पुढची चोवीस वर्षे कायद्याचे मसुदे याच तराजूत अडकून पडले. कोणी म्हणे, त्या बायकांना गुप्ततेचे वचन दिले होते. कोणी विचारे, ती गुप्तता त्यांनी मागितली होती की त्यांच्यावर लादली होती? मला दुसऱ्या प्रश्नात जास्त दम वाटतो, कारण फिलोमेना ली यांच्यासारख्या आयांनाही मुलाचा पत्ता कोणी दिला नव्हता. गुप्तता आईसाठी असती तर निदान आईपुरती तरी फाइल उघडली असती.

शेवटी 2022 मध्ये कायदा झाला आणि 3 ऑक्टोबर 2022 पासून माहिती मिळू लागली. वयाची 16 वर्षे पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मदाखला, लहानपणीच्या सांभाळाचे कागद, वैद्यकीय माहिती, सारे काही मागता येते. आईने किंवा बापाने 'संपर्क नको' असे नोंदवून ठेवले असेल तर सज्ञान अर्जदाराला आधी एक बोलणे करावे लागते, फोनवर किंवा व्हिडिओवर. त्यात पालकांची इच्छा आणि खासगीपणा समजावून सांगतात. बोलणे झाले की दाखला मिळतो. अनेकांना हा फोन अपमान वाटला. मला त्यात युनिक्सचेच अलीकडचे एक वळण दिसते. तीन खण पुरेनात म्हणून मल्टिक्ससारख्या नावानिशी याद्या युनिक्समध्ये पुन्हा आल्या. त्यांची एक प्रमाण पद्धत ठरवायचा प्रयत्न 1990 च्या दशकात झाला, पण मसुदा पुरा न होताच मागे घेतला गेला. आज अशी यादी फाइलीला जोडलेली असेल तर दहा अक्षरांच्या शेवटी एक अधिकचे चिन्ह दिसते. त्याचा अर्थ एवढाच, की इथे दिसते त्यापलीकडेही काही अटी आहेत, त्या वेगळ्या आज्ञेने विचारा.

आणि ज्यांच्यासाठी दुवाच कधी बनला नाही, त्यांचे काय? 29 मे 2018 रोजी सरकारने जाहीर केले, की सेंट पॅट्रिक्स गिल्ड या दत्तक संस्थेच्या दप्तरात 126 मुलांच्या जन्मांची नोंद बेकायदा झाल्याचे आढळले. दत्तक घेणाऱ्या जोडप्यालाच जन्मदाते म्हणून थेट पहिल्या वहीत लिहिले होते. आदेश नाही, दुसरी नोंद नाही, सूचीत जोडायला काही नाही. वाचायला गेले तर दाखला अगदी नेहमीसारखा दिसतो, फक्त त्यातली आई खोटी. हे उघडकीस आले ते त्या कागदांवरच्या एका खुणेमुळे. 'जन्मापासून दत्तक' अशा अर्थाचे शब्द कोणीतरी तिथे लिहून ठेवले होते. टुस्ला या बालकल्याण संस्थेच्या लोकांनी दप्तर ताब्यात आल्यावर ती खूण ओळखली आणि तिच्यावरून बाकीच्या नोंदी हुडकल्या. त्यांतल्या काहींना स्वतःचा जन्म असा नोंदला गेला आहे हे तोवर ठाऊकही नव्हते. सरकारची माणसे पन्नाशी-साठीतल्या त्या लोकांकडे पत्र घेऊन गेली, तेव्हा त्यांना ते कळले.